मत द्यायला अक्षरं कशाला लागतात?

निवडणूक जवळ आली की शिकल्यासवरल्या लोकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : निदान दहावी पास असल्याशिवाय मताचा अधिकार देऊच नये. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो, दहावी पास, पण कोणत्या भाषेत?

आपल्या शहरापुरतं बघा. निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू कारभाराची भाषा झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठवाड्यातल्या बहुसंख्य लोकांची भाषा मात्र मराठी. म्हणजे पोथी वाचणारा, हिशेब लिहिणारा मराठी माणूसही कचेरीच्या दारात अडाणी ठरायचा. पुढे 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि कारभार मराठीत आला. ते योग्यच झालं. पण रोज उर्दू अखबार वाचणाऱ्या माझ्या दादीला सातबारा शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. अक्कल तीच होती, कचेरीची लिपी तेवढी बदलली होती.

ब्रिटिश मुलखात साक्षरतेला मताशी जोडलेलंच होतं. 1935 च्या कायद्यात मतदार ठरायचा तो मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर. 1937 च्या निवडणुकीत मतदार होते जेमतेम तीन-साडेतीन कोटी. म्हणजे बहुतेक प्रौढ माणसं बाहेरच.

या विचारावर सर्वांत नेमका घाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घातला. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांताच्या समितीत ते होते. 1929 साली त्यांनी आपला वेगळा अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो हे खोटं, आणि साक्षर झाला की शहाणा होतो हेही खोटं, असा त्यांचा मुद्दा होता. मतासाठी थांबा म्हणणारे हे बाबासाहेब नव्हते, आणि शिक्षण बिनमहत्त्वाचं मानणारेही नव्हते. याच शहरात 1950 मध्ये त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं. दोन्ही हक्क त्यांना एकाच वेळी हवे होते.

राज्यघटनेच्या कलम 326 मध्ये साक्षरतेची अट नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत मतदार होते 17 कोटींहून जास्त आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मग आयोगाने काय केलं? माणसं बदलण्याऐवजी पेटी बदलली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. हैदराबाद राज्यातही तेव्हा असंच मतदान झालं. आजची चिन्हं त्याच सोयीची वारस आहेत.

अमेरिकेने उलटा रस्ता धरला होता. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या लोकांना अडवायला साक्षरतेची परीक्षा घेत. पास कोण, हे परीक्षकच ठरवणार. 1965 च्या मताधिकार कायद्याने तिला लगाम घातला. 1975 मध्ये त्यात भर पडली आणि इंग्रजी न येणाऱ्या काही भाषिक गटांना त्यांच्या भाषेत मतदानाची सोय मिळाली.

आपल्याकडे मतदारावर अट नाही, पण उमेदवारावर आली. हरियाणाने पंचायतीसाठी शिक्षणाची अट घातली आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. महाराष्ट्रातही 2017 मध्ये, 1995 आणि त्यानंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास असणं सक्तीचं झालं.

माझ्या वर्गातून दरवर्षी काही मुलं अधेमधे गळतात. कुणाला गॅरेजमध्ये लावतात, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसते. त्यांना शाळेत टिकवणं ज्यांच्या हातात होतं ते सरकार आणि आम्ही शिक्षक. उद्या पंचायतीच्या दारात अडवलं जाईल ते मात्र त्या मुलांनाच. दहावीची अट घालायचीच असेल तर ती आधी सरकारला घाला : प्रत्येक मूल, त्याला समजणाऱ्या भाषेत, दहावीपर्यंत पोचलंच पाहिजे.