हत्तीरोगावरील तीन औषधे आणि बीदर-कलबुर्गीचा सीमाभाग

हत्तीरोग हा डासांमार्फत पसरणारा कृमिजन्य आजार आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला श्लीपद म्हटले आहे, कन्नडमध्ये आनेकालु रोग, तर उर्दूत फीलपा. कर्नाटकात या रोगाचा प्रादुर्भाव असलेले जिल्हे दोन पट्ट्यांत विभागलेले आहेत. किनारपट्टीवर उत्तर कन्नड, उडुपी आणि दक्षिण कन्नड. तर उत्तरेकडे बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, विजयपुरा आणि बागलकोट. बीदर व कलबुर्गीला लागून असलेले महाराष्ट्रातील नांदेड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर हे जिल्हेही हत्तीरोगग्रस्तांच्या यादीत आहेत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी-कन्नड वस्तीला राज्याची सीमा आहे, रोगाला मात्र ती नाही.

रोगाचे स्वरूप

भारतातील जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये हा रोग ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ या सुतासारख्या कृमीमुळे होतो. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे जगतात आणि त्या काळात लक्षावधी सूक्ष्म पिले रक्तात सोडतात. ही पिले प्रामुख्याने रात्री रक्तप्रवाहात येतात. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्तनमुना रात्री घेतला जातो. साचलेल्या, घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रक्ताबरोबर ती पिले शोषतो आणि त्याच्या शरीरात वाढ पूर्ण झाल्यावर ती दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचवतो. डासाच्या शरीरातील ही वाढ पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे दाखवून दिली.

लागण बहुधा बालपणीच होते. पाय सुजणे किंवा अंडवृद्धी ही लक्षणे मात्र अनेक वर्षांनी दिसतात. दरम्यानच्या काळात बाधित व्यक्ती पूर्णपणे निरोगी दिसते आणि तिच्या रक्तातून रोग पसरत राहतो. एकदा पाय कायमचा जाड झाला की औषधाने तो पूर्ववत होत नाही. त्यामुळे या रोगावरील औषधसंशोधनाचा भर रुग्णाला बरे करण्याइतकाच संपूर्ण गावाच्या रक्तातील कृमी नाहीसे करण्यावर राहिला आहे.

एका औषधापासून तिसऱ्यापर्यंत

पहिले प्रभावी औषध डायएथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, १९४७ मध्ये पुढे आले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते विकसित झाले, तेव्हा तेथील संशोधनविभागाचे प्रमुख आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हे औषध रक्तातील पिले झपाट्याने नष्ट करते, परंतु प्रौढ कृमींपैकी काहींवरच त्याचा परिणाम होतो. भारताने १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २००४ पासून बाधित जिल्ह्यांतील सर्व पात्र लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याची सामुदायिक मोहीम राबवली जाऊ लागली आणि २००७ पासून डीईसीच्या जोडीला अल्बेंडाझोल आले.

दोन औषधांच्या या पद्धतीत किमान पाच वर्षे, दरवर्षी एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळणे आवश्यक असते. अनेक जिल्ह्यांत फेऱ्या पाचांहून अधिक झाल्या, तरी रोग हटला नाही. गोळ्या घरोघरी पोहोचल्या, पण गिळल्या गेल्या नाहीत, हे त्यामागील प्रमुख कारण होते.

तिसरे औषध आयव्हरमेक्टिन. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून ते मिळाले आणि विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा कृमीविरोधी गुण सिद्ध केला. या दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पापुआ न्यू गिनीतील १८२ बाधितांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही औषधांची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तात वर्षभरानंतर पिले आढळली नाहीत; दोन औषधांची एकच मात्रा घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. तीन औषधांच्या संयोगाने प्रौढ कृमींची प्रजननक्षमताच दीर्घकाळ खुंटते, असे या निष्कर्षांवरून दिसते.

यादगीरमधील चाचणी

मूठभर बाधितांवर गुणकारी ठरलेले औषध लक्षावधी निरोगी माणसांना देण्यापूर्वी त्याची सुरक्षितता पारखावी लागते. त्यासाठी भारत, हैती, इंडोनेशिया, फिजी आणि पापुआ न्यू गिनी या पाच देशांत मोठी चाचणी झाली. भारतातील चाचणीसाठी निवडलेला जिल्हा यादगीर होता. तो पूर्वी कलबुर्गी, म्हणजे तत्कालीन गुलबर्गा जिल्ह्याचाच भाग होता. पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने हे काम केले. काही वस्त्यांना दोन, तर काहींना तीन औषधे देण्यात आली आणि त्यानंतर लोकांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले.

पाच देशांतील २६,८३६ लोकांच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन औषधे दोन औषधांइतकीच सुरक्षित ठरली; गंभीर दुष्परिणाम अत्यंत विरळ होते. ताप, डोकेदुखी, चक्कर अशा तक्रारी ज्यांच्या रक्तात पिले होती त्यांच्यात अधिक आढळल्या, कारण मरणाऱ्या कृमींना शरीर देत असलेला तो प्रतिसाद असतो. रक्तातील पिले नाहीशी करण्यात तीन औषधे यादगीरमध्येही सरस ठरली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये विशिष्ट परिस्थितीत या त्रिऔषध पद्धतीची शिफारस केली होती. नदीअंधत्वाचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी प्रदेशांत डीईसीमुळे डोळ्यांना इजा होण्याचा धोका असल्याने तेथे ती वापरता येत नाही. भारतात ती अडचण नाही. भारताने पहिल्या टप्प्यासाठी अरवल, सिमडेगा, वाराणसी, नागपूर आणि यादगीर हे पाच जिल्हे निवडले. या पद्धतीत पाचाऐवजी दोन परिणामकारक फेऱ्यांनंतरच रोगप्रसाराचे मूल्यमापन करता येते.

काळा आजाराशी तुलना

बिहारमधील काळा आजाराच्या उपचारांची वाटचालही अशीच झाली. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे युरिया स्टिबामाइन, पुढे २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेले तोंडावाटे घ्यायचे मिल्टेफोसिन आणि त्यानंतर लायपोसोमल अँफोटेरिसिन-बीची एकच मात्रा. उपचार आठवड्यांवरून एका दिवसावर आला, तेव्हा तो अर्धवट सोडून देण्याचा प्रश्नच राहिला नाही. औषध किती प्रभावी आहे याइतकेच ते किती वेळा घ्यावे लागते, यावर गावपातळीवरील यश अवलंबून असते.

सीमाभागातील अडचणी

दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्तींना मोहिमेतील औषधे दिली जात नाहीत. आयव्हरमेक्टिनसाठी पाच वर्षांखालील मुलेही वगळतात आणि त्याची मात्रा उंची मोजून ठरवतात. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नयेत आणि आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच त्या गिळाव्यात, अशी सूचना असते. गोळी घेतल्यावर एखाद्याला ताप आला की वस्तीत अफवा पसरते आणि पुढची घरे दार बंद करतात. तो ताप म्हणजे कृमी मरत असल्याची खूण असू शकते, हे आधीच आणि घरच्या भाषेत सांगितले गेले तर विश्वास टिकतो. सीमेवरील तालुक्यांत ही भाषा कुठे कन्नड, कुठे मराठी, कुठे उर्दू आहे.

दुसरी अडचण स्थलांतराची. या भागातील मजूर पुणे, मुंबई, हैदराबाद आणि गोव्यातही कामाला जातात. मोहिमेच्या दिवशी गावात नसलेला माणूस यादीतून निसटतो. हत्तीरोग एखाद्-दुसऱ्या चाव्याने होत नाही, दीर्घकाळ बाधित डासांच्या अनेक चाव्यांनी होतो. त्यामुळे अशा मजुरांना घाबरण्याचे कारण नाही. गरज आहे ती त्यांच्या कामाच्या ठिकाणी तपासणी व औषध मिळण्याची.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांच्यासाठी साबण-पाण्याने रोज पाय धुणे, कोरडा ठेवणे, जखमांवर वेळीच उपचार करणे आणि व्यायाम हाच आधार आहे. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. देशाने हत्तीरोग निर्मूलनासाठी २०२७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठले गेले तरी या रुग्णांची शुश्रूषा पुढे अनेक वर्षे चालू ठेवावी लागणार आहे.