रत्नागिरी परिसरातील सायकलमार्ग

कोकण किनाऱ्यावरील रत्नागिरी शहराभोवतीचे, रस्त्यावरील सायकलफेरीस योग्य असे मार्ग. येथील भूरचना जांभ्याच्या सड्यांची (पठारांची) व खाड्यांची. त्यामुळे अंतर थोडे असले तरी चढउतार सतत येतात, आणि खाडीकाठचा उतार संपताच पुढचा चढ सुरू होतो. सर्वांत देखणा मार्ग उत्तरेकडचा, आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाणारा, सुमारे २५ किमी.चा. आरे-वारे येथे रस्ता टेकडीच्या कडेने चढतो व खाली दोन्ही पुळणी एकदम दिसतात. येथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. गणपतीपुळ्यापुढे कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड व शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड किल्ला आहे. दक्षिणेला भाट्ये पुलावरून काजळी नदी ओलांडून स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या पावसला व पुढे मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगडला जाता येते. पूर्वेला हातखंब्याजवळ मुंबई-गोवा महामार्ग लागतो; अवजड वाहनांमुळे तो टाळलेला बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात सडे हिरवेगार व रानफुलांनी भरलेले असतात, पण शेवाळलेल्या वळणांवर चाक घसरते. उन्हाळ्यात सड्यावर सावली जवळजवळ नसतेच; पहाटेच निघावे.