हद्दवाढ आणि अग्निशमन दल: शिवडीत बंब हक्काने येतो, मग पुलापलीकडच्या गावात का नाही?

शिवडीहून अटल सेतूवर गाडी चढली की २१.८ किलोमीटर पार करून ती उरण तालुक्यातल्या चिर्ले गावाजवळ उतरते. १२ जानेवारी २०२४ ला हा पूल सुरू झाला आणि दोन्ही टोकांमधलं अंतर मिनिटांवर आलं. एक फरक मात्र कायम आहे. शिवडीत आग लागली तर बंब पाठवणं हे मुंबई महापालिकेचं कायदेशीर कर्तव्य आहे. पलीकडच्या ग्रामपंचायतीवर अशी जबाबदारी नाही आणि तिच्याकडे तेवढा पैसाही नाही.

आता पुलापलीकडची गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली आहेत. त्यामुळे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पेटलेला एक जुना प्रश्न इथेही येणार आहे. गाव शहरात घ्यायचं का, आणि बंबाचा खर्च कोणी करायचा?

शिवडीतल्या बंबाचे पैसे कोण देतं?

मुंबईचं अग्निशमन दल १८८७ पासून महापालिकेकडे आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात दल चालवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य मानलं आहे. मालमत्ता करातल्या सर्वसाधारण करात या खर्चासाठी वेगळा हिस्सा धरण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे बंबाचा खर्च संपूर्ण शहर मिळून उचलतं.

शिवडीच्या बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली. चाळी राज्य सरकारच्या. जमिनीच्या मालकीच्या याच गुंत्यामुळे वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, पण शिवडीच्या चाळी मागे राहिल्या. तरीही तिथून वर्दी गेली तर बंब पालिकेचाच येतो. जमीन कोणाची, कर कोण भरतं, हे कोणी विचारत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्या घरांनाही हीच सेवा मिळते.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत १४ एप्रिल १९४४ ला मोजली गेली. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. गोदी बंदराची होती, पण आग विझवायला शहराचं दल धावलं आणि ६६ अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

मुंबईची हद्दही आधी एवढी मोठी नव्हती. १९५० पर्यंत ती माहीम आणि शीवपाशी संपत होती. १९५० मध्ये ती जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. हद्द सरकली तशी पालिकेची जबाबदारीही सरकली.

ग्रामपंचायतीकडे बंब का नसतो?

उत्तर राज्यघटनेतच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवायचे १८ विषय आहेत. त्यात सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात अग्निशमन सेवा नाही.

दुसरं कारण पैशाचं. बंब एकदा विकत घेऊन भागत नाही. चालक आणि जवान तिन्ही पाळ्यांत लागतात. पाण्याची सोय, इंधन, दुरुस्ती आणि प्रशिक्षण हा दरवर्षीचा खर्च असतो. काही हजार लोकांच्या घरपट्टीतून तो निघत नाही. त्यामुळे गावात आग लागली की जवळच्या नगरपरिषदेला, महापालिकेला किंवा एमआयडीसीला फोन जातो. उरण परिसरात सिडको, जेएनपीए आणि ओएनजीसी यांच्या दलांवर भिस्त असते.

शहराजवळची गावं आता नुसती गावं राहिलेली नाहीत, ही खरी अडचण आहे. तिथे गोदामं, भंगाराची दुकानं, केमिकलचे कारखाने आणि सात मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. आगीचा धोका शहराचा, पण व्यवस्था मात्र गावाचीच.

मग हद्दवाढीला गावं विरोध का करतात?

महापालिकेचं म्हणणं असतं की रस्ते, पाणी आणि बंब आमचे वापरता, तर करही आमच्याकडे भरा. गावकऱ्यांचं म्हणणं असतं की कराचं बिल लगेच येतं, सुविधा मात्र वर्षानुवर्षं येत नाहीत.

कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावं हे याचं ठळक उदाहरण. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. २०२० मध्ये त्यातली १८ गावं वेगळी काढायचं ठरलं, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. याच गावांना डोंबिवली एमआयडीसी लागून आहे. २३ मे २०२४ ला तिथल्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा एमआयडीसी, महापालिका आणि शेजारच्या शहरांचे बंब एकत्र धावले. आगीला गावाची हद्द कळत नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसलं.

पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांची गोष्टही अशीच. २०१७ मध्ये ती पुणे महापालिकेत आली. ९ मे २०१९ ला उरुळी देवाचीमध्ये साड्यांच्या दुकानाला आग लागून पाच कामगारांचा मृत्यू झाला, तेव्हा गाव महापालिकेतच होतं. पुढे जास्त कराविरोधात आंदोलनं झाली आणि २०२४ मध्ये दोन्ही गावं वगळून स्वतंत्र नगरपरिषद झाली. कराचा प्रश्न बदलला, पण आग विझवण्याचं कर्तव्य नगरपरिषदेवरही असतंच. फक्त ते आता लहान तिजोरीतून पार पाडायचं आहे.

पनवेलमध्ये वादाचं रूप वेगळं होतं. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, पण अग्निशमनासह अनेक सेवा पुढची काही वर्षं सिडकोच देत होती. महापालिकेने स्थापनेपासूनचा मालमत्ता कर मागितल्यावर खारघर, कामोठे भागातल्या रहिवाशांनी विचारलं की सिडकोला सेवाशुल्क दिलं, मग हा दुसरा कर कशाचा?

इतर देशांत काय होतं?

अमेरिकेत अनेक वस्त्या कोणत्याही शहराच्या हद्दीत नसतात. टेनेसी राज्यातल्या साउथ फुल्टन शहराचं दल बाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर भरल्यावरच सेवा देत असे. २०१० मध्ये एका कुटुंबाने पैसे भरले नव्हते. दल आलं, शुल्क भरलेल्या शेजाऱ्याची जागा वाचवली आणि ते घर मात्र जळू दिलं. देशभर संताप उसळला. सेवेला शुल्काची अट घातली की गोष्ट कुठपर्यंत जाते, हे त्यातून दिसलं.

पुलापलीकडच्या गावांनी काय विचारायला हवं?

उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या परिसरात नवं शहर वसवण्यासाठी एमएमआरडीएला २०२४ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आलं. ‘तिसरी मुंबई’ म्हणतात ती हीच. पण नियोजन प्राधिकरण म्हणजे महापालिका नव्हे. इमारतींना परवानगी एका यंत्रणेची आणि आग विझवायला दुसरी, असं होऊ शकतं.

म्हणून गावकऱ्यांनी चार प्रश्न आधीच विचारायला हवेत. अग्निशमन केंद्र कुठे आणि कधी होणार? पहिली उंच इमारत उभी राहण्याआधी ते सुरू होणार का? विकासकांकडून घेतलेलं अग्निशमन शुल्क इथेच खर्च होणार का? आणि महापालिका होईपर्यंत दलाचा पगार कोण देणार?

पैशाचा एक मार्ग केंद्राकडेही आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण करण्यासाठी २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्यातला वाटा शहरांच्या वेशीवरच्या गावांसाठी मागता येईल.

तुम्ही शहरात राहत असाल तर पुढचं मालमत्ता कराचं बिल नीट पाहा. अनेक महापालिकांच्या बिलात अग्निशमन कराची वेगळी ओळ असते. गावात राहत असाल तर ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आग लागली तर बंब कुठून येणार आणि त्याला किती वेळ लागणार? तोपर्यंत १०१ किंवा ११२ हे क्रमांक फोनमध्ये असू द्या.