साथीचा बंदोबस्त आणि वाहनांवरची माणसे

उंब्रज हे कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे गाव पुणे-बंगळूर हमरस्त्यावर वसले आहे. जवळचे रेल्वेस्टेशन मसूर. 2020 साली गुढीपाडव्याच्याच दिवशी, 25 मार्च रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा आसपासच्या वाड्यावस्त्यांनी आपापल्या वाटांवर दगड व काटेरी फांद्या टाकून वेशी बंद केल्या. मुंबईहून परतणारा सख्खा भाऊ असला, तरी त्यास गावच्या शाळेत चौदा दिवस काढल्यावाचून घरात प्रवेश नव्हता. मात्र हमरस्त्यावरून मालमोटारी अहोरात्र धावत होत्या, आणि त्या चालविणारांस कोणी चौदा दिवस अडवून ठेवीत नव्हते. ठेवले असते, तर मुंबईस भाजी व दूध मिळाले नसते आणि आमच्या दुकानांत मीठ व औषधे आली नसती. सर्वांस लागू असलेल्या नियमातून काही माणसांस वगळणे भाग पडते, आणि पुढे साथ आत शिरली म्हणजे पहिला संशयही त्याच माणसांवर येतो. हा प्रकार किती जुना आहे, आणि त्या संशयात तथ्य किती असते, हे थोडे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

रोगट मुलखातून आलेल्यांस वेगळे ठेवण्याचा प्रसिद्ध कायदा एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागूसा नगराने 1377 साली केला. मुदत तीस दिवसांची होती. पुढे ती चाळीस झाली, व इटालियन भाषेतील त्या ‘चाळिसा’वरूनच क्वारंटाईन हा शब्द जगभर गेला. शिडाच्या जहाजांच्या काळी हा नियम पाळणे तितकेसे कठीण नव्हते. प्रवासच महिनोन्‌महिने चाले. रोग असलाच तर तो वाटेतच प्रकट होई. समुद्र हाच अर्धा क्वारंटाईन होता म्हणावयास हरकत नाही. आगबोटी आल्या आणि ही सोय संपली.

मुंबईस मांडवी भागात सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा युरोपातील राष्ट्रे इतकी धास्तावली की 1897 च्या आरंभी व्हेनिस येथे त्यांनी या एकाच प्रश्नावर परिषद भरविली. इकडे 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला, आणि कल्याणासारख्या स्टेशनांवर उतारूंस गाडीतून उतरवून त्यांची अंगे तपासण्यात येऊ लागली. पुण्यात या कायद्याचा अंमल ज्या रँडसाहेबांच्या हाती गेला, ते पूर्वी सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर होते व वाईच्या प्रकरणाने आमच्या लोकांस चांगलेच ठाऊक झालेले होते. 22 जून 1897 च्या रात्री त्यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याची पुनरुक्ती नको. आमचा मुद्दा निराळा आहे. माणसांच्या काखा व जांघा चाचपण्यात येत असता रोग मुख्यतः वाहून नेणारा प्राणी धान्याच्या वखारीत सुखाने वावरत होता. उंदीर व त्याच्या अंगावरील पिसू यांचा संबंध सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस 1898 साली दाखविला, आणि तोही बहुतेकांस लगेच पटला नाही. बंदोबस्ताची नजर होती उतारूवर. धोका होता वखारीत.

याहूनही आमच्या विषयास जवळची हकीगत 1918 सालची आहे. त्या साथीस आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द शेवटपर्यंत होता, आणि तो उच्चारताना ती आवाज खाली घेई. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या गोदीत एक जहाज लागले, आणि 10 जून रोजी पोलिसांचे सात शिपाई, त्यांतील एक गोदीवर पहाऱ्यास असलेला, तापाने इस्पितळात दाखल झाले. शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांचे म्हणणे असे की, हा ताप जहाजावरच्या खलाशांनी आणला. सरकारपक्षाचे म्हणणे नेमके उलट: खलाशांसच तो मुंबईत लागला. एकाच्या मते पाहुण्याने घर बिघडविले, दुसऱ्याच्या मते घराने पाहुण्यास बिघडविले. आणि दोहोंकडून साक्षीस उभे केलेले ते खलाशी मात्र या वादात मुके.

आमच्या मते टर्नर यांचा तर्क अधिक सयुक्तिक होता, कारण युरोपात ही साथ तत्पूर्वीच सुरू झालेली होती. परंतु सरकारास तो कबूल करणे गैरसोयीचे का होते, हेही उघड आहे. महायुद्ध चालू होते. मेसोपोटेमियाच्या रणभूमीकडे माणसे व सामान मुंबईहूनच रवाना होत होते. जहाजे थांबविणे शक्य नव्हते, आणि जे थांबविता येत नाही त्यावर दोष ठेवणे राज्यकर्त्यांस परवडत नाही. गोदीतून ही साथ रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. रेल्वेचे नोकर व टपालवाले तिचे पहिले भक्ष्य आणि पहिले वाहकही ठरले. सप्टेंबरात ती दुसऱ्यांदा उलटली, तेव्हा 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 माणसे मेली. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. धान्य महाग, वैरण नाही. हिंदुस्थानातील एकंदर मृत्यूंचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात. एवढ्या संहाराची जबाबदारी एका जहाजावरच्या मूठभर खलाशांवर टाकणे म्हणजे ठिणगीस धरून गवताच्या गंजीस विसरणे होय.

विमाने आली तेव्हा हा प्रश्न अधिकच बिकट झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे विमान उतरविले. पुढे सहाच महिन्यांत, 12 एप्रिल 1933 रोजी, हेग येथे हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आरोग्य-करारावर सह्या झाल्या. त्या वेळी मुख्य भीती पीतज्वराची होती. विमानातला मनुष्य ताप अंगात प्रकट होण्याआधीच मुक्कामी पोहोचतो. समुद्राने जे काम फुकट केले होते, ते आता कायद्याने करावयाचे होते.

उतारूच्या बाबतीत ते निदान काही अंशी करता येते. सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथे परदेशातून विमानाने परतलेल्या चौघांपासून मार्च 2020 मध्ये सुरू झालेली कोरोनाची साखळी पंचवीसएक रुग्णांपाशी रोखली गेली. आलेला मनुष्य एकदाच येतो. त्याचे नाव यादीत असते, त्याच्या हातावर शिक्का मारता येतो. वैमानिक व विमानसेविका यांचे तसे नाही. ते आज येतात आणि परवा पुन्हा निघतात. त्यांस प्रत्येक खेपेस चौदा दिवस कोंडावयाचे म्हटले तर विमाने चालणार नाहीत. न कोंडावे तर नियमास भगदाड पडते. 30 मे 2020 रोजी दिल्लीहून मॉस्कोकडे निघालेले एअर इंडियाचे रिकामे विमान उझबेकिस्तानावरून परत फिरविण्यात आले, कारण एका वैमानिकाच्या तपासणीचा कागद वाचण्यात कोणाची तरी चूक झाली होती. त्याच महिन्यात मुंबईतील पाच वैमानिक रोगी ठरले, आणि दोन दिवसांनी फेरतपासणीत निरोगी निघाले. मधल्या दोन दिवसांत त्यांच्या घरच्यांवर काय गुदरले असेल, याचा हिशेब कोठे मांडला जात नाही.

इतर देशांनी मधला मार्ग शोधला, आणि तेथेच ते घसरले. तैवानने एप्रिल 2021 मध्ये वैमानिकांचा सक्तीचा विलगवास तीन दिवसांवर आणला. विमानतळाजवळच्या हॉटेलात विलग कर्मचारी व सामान्य पाहुणे एकाच ठिकाणी उतरत होते. पुढच्याच महिन्यात त्या तोवर जवळजवळ निर्लेप राहिलेल्या बेटावर साथ पसरली. सिडनीत जून 2021 मध्ये पहिला रोगी आढळला तो विमान-कर्मचाऱ्यांची ने-आण करणारा मोटारचालक. शहर तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले. लोकांनी त्या चालकास धारेवर धरले, परंतु पोलिसांस त्याने कोणताही नियम मोडल्याचे आढळले नाही. त्याने लस घेतलीच पाहिजे असा नियमच कोणी केलेला नव्हता.

हाँगकाँगची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. तेथे डिसेंबर 2021 मध्ये दोन विमान-कर्मचारी घरी थांबण्याच्या मुदतीत बाहेर पडले. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांस आठ आठवड्यांची कैद झाली. त्यांनी नियम मोडला, शिक्षा भोगली. याविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु 2022 च्या आरंभी त्या शहरात नऊ हजारांहून अधिक माणसे दगावली, ती लाट मुख्यतः निराळ्याच वाटेने आली होती. विषाणूच्या जनुकीय तपासणीवरून तिचे मूळ एका विलगीकरणाच्या हॉटेलाकडे जाते. म्हणजे भिंत जेथे सर्वांत जाड बांधली, तेथूनच ती पाझरली. मेलेल्यांत बहुतांश वृद्ध होते, व त्यांतील पुष्कळांस लस टोचलेली नव्हती. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते दोन कर्मचारीच.

आपल्याकडील मालमोटारींस केंद्र सरकारने एप्रिल 2020 मध्ये दोन चालक व एक मदतनीस एवढ्यांची मुभा दिली, आणि हमरस्त्यावरील ढाबेही उघडण्यास परवानगी मिळाली. तोपर्यंतचे तीन आठवडे या माणसांनी काय खाल्ले असेल? एका दुपारी आमच्या घरासमोर एक चालक पाणी मागावयास थांबला. आम्ही कळशी भरून फाटकाबाहेर दगडावर ठेवली आणि दूर सरलो. त्याने पाणी प्याले, कळशी उपडी घातली, नमस्कार केला व तो गेला. कोठून आला, हे आम्ही त्यास दोनदा विचारले होते. प्रकृती कशी आहे, हे मात्र विचारले नाही. त्या मोटारीत कांदे होते, आणि त्या आठवड्यात आम्ही बाजारातून आणलेले कांदेही अशाच एखाद्या मोटारीतून आलेले असणार.