कथन आणि समूह : नॉर्थफील्डच्या प्रयोगाचा एक साहित्यलक्ष्यी विचार

आघातविषयक साहित्यविचारात एक गृहीतक इतके रुळले आहे की त्याची तपासणी क्वचितच होते : जे घडले ते सांगता आले की जखम भरू लागते. शोशाना फेल्मन आणि डोरी लाउब यांच्या ‘टेस्टिमनी’ (१९९२) या ग्रंथानंतर ही चर्चा मुख्यतः साक्षी आणि श्रोता या जोडीभोवती फिरत राहिली. समूहोपचाराचा इतिहास मात्र या जोडीपासून सुरू होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅममधील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने खचलेले सैनिक आणले जात. १९४२-४३च्या हिवाळ्यात तेथील प्रशिक्षण विभाग विल्फ्रेड बिऑन यांच्याकडे होता. त्यांनी घालून दिलेले नियम वरवर पाहता उपचाराचे वाटतच नाहीत. प्रत्येकाने रोज तासभर व्यायाम करावा. सुतारकाम, नकाशावाचन, हस्तकला अशा एखाद्या गटात सामील व्हावे, हवा तो गट नसल्यास नवा काढावा. आणि दुपारी १२.१० वाजता सर्वांनी एकत्र जमावे. बहुतेक जण कामचुकारपणा करतात, अशी तक्रार पुढे आली तेव्हा बिऑन यांनी कोणालाही शिक्षा केली नाही; ती तक्रार त्यांनी समूहापुढेच अभ्यासविषय म्हणून ठेवली. मनोविकार हा सर्वांचा सामाईक शत्रू होय, ही त्यामागील भूमिका होती. सहा आठवड्यांत प्रयोग थांबविण्यात आला. जॉन रिकमन यांच्यासह बिऑन यांनी १९४३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तान्त लिहिला. त्यात रुग्णांच्या रणांगणावरील हकिकतींना जवळजवळ स्थान नाही.

बिऑन यांच्या स्वतःच्या लेखनाशेजारी ठेवून पाहिल्यास ही अनुपस्थिती अधिकच जाणवते. १८९७ साली मथुरेत जन्मलेले आणि आठव्या वर्षी शाळेसाठी इंग्लंडला धाडलेले बिऑन पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात अधिकारी होते. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँच्या लढाईत त्यांच्या शेजारी प्राणघातक जखमी झालेल्या निरोप्या सैनिकाकडे ते लेखनातून पुन्हा पुन्हा वळले : युद्धानंतर लगेच आईवडिलांसाठी लिहिलेल्या वृत्तान्तात, १९५८च्या सुमारास, आणि १९८२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात. तिन्ही पाठांचा सूर वेगळा आहे. इतक्या वर्षांच्या कथनाने त्यांची सुटका केली, असे हे पाठ वाचून म्हणवत नाही.

अर्थात, सैनिकाची हकिकत न विचारण्यात लष्कराची सोयही होतीच. माणूस पुन्हा कामावर रुजू व्हावा, हा रुग्णालयाचा हेतू होता. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी रॉबर्ट जे लिफ्टन, हाइम शातान यांच्यासह चर्चागट सुरू केले, तेव्हा हकिकत केंद्रस्थानी आली. परंतु ती युद्धाविरुद्धचे आरोपपत्र म्हणून. त्या गटांत मानसोपचारतज्ज्ञांनाही आपली भूमिका तपासावी लागे. १९८० साली अमेरिकन निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताणविकृतीची नोंद झाली, तिच्यामागे या चळवळीचा रेटा होता. नोंदीत लक्षणे आली, ती एकेकट्या रुग्णाची. आरोपपत्राला तिच्यात जागा नव्हती.