बावीस इंची सायकल आणि सातारा-सांगलीची उंची

थ्रेड. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीला 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा प्रथमच भरली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. तेव्हापासून कृष्णाकाठच्या तरुण मंडळींमध्ये एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : ट्रायथलॉनची सायकल घ्यायची तर फ्रेम कोणत्या मापाची घ्यावी? प्रश्न खेळाचा वाटतो, परंतु त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि त्यातील महत्त्वाचा भाग आपल्याच मुलखात घडला आहे.

प्रारंभ इंग्लंडमधून करावा लागेल. १८७० च्या दशकातील उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या प्रचंड चाकाला जोडलेले असे. चाक जेवढे मोठे तेवढा वेग अधिक. पण पाय पायडलपर्यंत पोहोचले तरच. म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी पाहून चाकाचा व्यास ठरे. चांभाराने पाऊल मापून जोडा शिवावा, तसाच हा प्रकार होता. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांची 'रोव्हर' आली. साखळीने मागचे चाक फिरू लागले आणि चाकाचा पायाशी असलेला संबंध तुटला. आता मापाचा भार फ्रेमवर आला. सीटखालची उभी नळी किती इंचांची, तेच सायकलीचे माप ठरले.

हे नवे यंत्र आपल्या भागात रुजवणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर अग्रभागी होते. १८८८ हे 'किर्लोस्कर ब्रदर्स'चे स्थापनावर्ष मानले जाते आणि त्या उद्योगाचा उगम बेळगावातील सायकलीच्या दुकानात आहे. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवत. मुंबईहून सायकली पाठवत आणि बंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकत. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये, असे सांगितले जाते. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. यंत्राबरोबर शिकवणीही विकली जात होती, म्हणजे माणसाने यंत्राशी जुळवून घेणे हे त्या सौद्यात गृहीतच होते.

१९१० मध्ये बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. संस्थान मात्र एकच होते. (याच भवानरावांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. एका संस्थानात एकीकडे शरीर घडत होते, दुसरीकडे यंत्र. या दोहोंवर स्वतंत्र थ्रेड लिहावा लागेल.) तोवर किर्लोस्करांनी सायकल मागे टाकून लोखंडी नांगर हाती घेतला होता.

सायकल मात्र वाढतच गेली. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. सायकल १९४९ मध्ये, सोनीपतची अ‍ॅटलास १९५१ मध्ये आणि लुधियानाची हिरो १९५६ मध्ये उभी राहिली. या साऱ्यांनी इंग्रजी रोडस्टरचाच साचा पुढे चालवला : अठ्ठावीस इंची चाके आणि बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम. दुधाचे कॅन, कडब्याची पेंढी, कॅरिअरवर बसलेले माणूस हे सारे तिने वाहिले, यात शंका नाही. पण ती कोणाच्या अंगाची होती?

थोडे गणित करू. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर उंचीच्या साधारण ४६ टक्के धरले, तर ते ७६ सेंटिमीटर भरते. बावीस इंची रोडस्टरची आडवी नळी जमिनीपासून ८२ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे सरासरी माणसाला सायकल दोन्ही पायांत घेऊन सपाट पावलांनी उभेच राहता येत नाही. उतरताना एका बाजूला कलायचे, ही आपल्या आजोबांची लकब नव्हती; ती सक्ती होती.

शर्यतीच्या सायकलींसाठी १९८० च्या दशकात फ्रान्समधून एक सूत्र प्रचलित झाले : जांघेच्या मापाला ०.६५ ने गुणले की फ्रेमचे माप मिळते. ७६ गुणिले ०.६५ म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटर, साडेएकोणीस इंचांहून किंचित कमी. बावीस इंच म्हणजे ५६ सेंटिमीटर. हेच सूत्र उलटे लावले तर ती फ्रेम सहा फुटांहून उंच माणसाची ठरते. रोडस्टरवर ताठ बसायचे असल्याने थोडी मोठी फ्रेम चालते, हे मान्य. तरीही फरक फार मोठा आहे.

मुलांनी यावर आपला तोडगा काढला. नळीखालून पाय घालून, तिरके होऊन, हाफ पायडल मारत अख्ख्या पिढ्या सायकल शिकल्या. आपण ही आठवण कौतुकाने सांगतो. माझ्या मते ती एका मापाच्या बाजारपेठेची नोंद आहे. स्वारासाठी फ्रेम बदलल्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे लेडीज सायकल, आणि तेथेही नळी खाली आली ती वस्त्रासाठी, उंचीसाठी नव्हे.

आता ट्रायथलॉनकडे. या सायकलीवर स्वार कोपरे टेकवून, पुढे झुकून बसतो. १९८७ च्या सुमारास असे लांब हँडल बाजारात आले आणि दोन वर्षांनी ग्रेग लेमाँड यांनी ते वापरून टूर द फ्रान्स अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. एवढे झुकल्यावर मांडी पोटाला भिडू नये आणि पुढच्या धावण्यासाठी पाय ताजे राहावेत, म्हणून सीटच पुढे सरकवली गेली. सामान्य रोड सायकलीत उभ्या नळीचा कोन ७२ ते ७४ अंश असतो, येथे ७६ किंवा त्याहून अधिक. त्यामुळे उभ्या नळीची लांबी हे जुने माप येथे निरुपयोगी ठरते. पाहायची ती दोन मापे : 'स्टॅक', म्हणजे पायडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, आणि 'रीच', म्हणजे त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर. स्टॅक कमी पडला तर मान व कंबर धरते. रीच जास्त झाला तर स्वार सीटच्या टोकावर घसरतो आणि ९० किलोमीटर खांदे ताणून काढतो.

खेदाची बाब अशी की काही लाख रुपये मोजूनही जुनीच गोष्ट घडते. शिल्लक आहे ते माप सवलतीत मिळते, गिऱ्हाईक उंचीचा तक्ता पाहून 'मीडियम' घेते आणि मग हँडलचा स्टेम बदलत बसते. एका कंपनीचे मीडियम दुसरीचे स्मॉल असू शकते. समान उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचे धड लांब असते. तक्त्याला ते दिसत नाही. म्हणून आधी अनवाणी भिंतीला पाठ लावून, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांमध्ये घट्ट धरून जांघेचे माप घ्यावे. धड आणि हात स्वतंत्र मोजावेत. मग कोपरे टेकवून बसता येईल अशी एखादी जुळवलेली सायकल अर्धा तास चालवून पाहावी आणि त्या बसण्यावरून स्टॅक-रीच काढावेत. दोन मापांमध्ये अडकलात, तर यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्या सातारकराने आणि सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर सराव करणाऱ्याने एकच उत्तर स्वीकारण्याचे कारण नाही. चढावर कोपरे टेकायची वेळच फारशी येत नाही.

विटा, तासगाव, कोरेगाव, कराडकडच्या मित्रहो, घरात जुनी रोडस्टर असेल तर पायडलच्या आसापासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंत टेप लावा. शक्य असल्यास ती चालवणाऱ्या आजोबांची उंचीही विचारा. दोन्ही आकडे खाली लिहा.