डॉक्टर नावाचं औषध

१९५७ साली लंडनमध्ये ‘द डॉक्टर, हिज पेशंट अँड दि इलनेस’ हे पुस्तक निघालं. लेखक मायकल बालिंट यांचं म्हणणं असं, की फॅमिली डॉक्टर सगळ्यांत जास्त जे औषध देतो ते म्हणजे तो स्वतः. आणि त्याचा डोस किती, ते कधी बाधतं, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. डॉक्टर-पेशंट नात्याचं शिक्षण देणारे ‘बालिंट गट’ आज अनेक देशांत चालतात. त्यांचं कूळ मात्र बुडापेस्टचं.

बालिंट तिथेच १८९६ साली जन्मले. वडील जनरल प्रॅक्टिशनर. त्यांच्याबरोबर मुलगाही व्हिजिटला जायचा. पुढे ते सांडोर फेरेन्त्सी यांच्याकडे मनोविश्लेषण शिकले. या बुडापेस्टकर मंडळींची एक रीत होती: पेशंटमुळे शिकाऊ विश्लेषकाच्या मनात जे येतं, राग, कंटाळा, जीव लागणं, ते सारं शिक्षणाचाच भाग मानून बोलायचं. तिसाच्या दशकात बालिंट यांनी साध्या डॉक्टरांचा असा एक गट जमवून पाहिला. पण देशातलं वातावरण दडपशाहीचं होतं. बैठकीला पोलीस येऊन बसू लागले, टिपणं घेऊ लागले. पेशंटच्या घरातल्या गोष्टी पोलिसादेखत कोण बोलणार? गट बंद पडला. १९३९ मध्ये बालिंट इंग्लंडला आले.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांची गाठ एनिड यांच्याशी पडली; पुढे दोघांनी लग्न केलं. नवरा-बायकोच्या तंट्यांत मदत करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांबरोबर एनिड आधीपासून काम करत होत्या आणि एकेका केसवर गटात चर्चा व्हायची. ही पद्धत डॉक्टरांच्या आधी या कार्यकर्त्यांच्या हातात घडली. एनिड यांचं नाव नवऱ्याच्या नावामागे झाकून जातं, ते मला पटत नाही.

१९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. जी.पी.च्या दारात गर्दी, आणि त्यात किती तरी जण असे, की दुखतंय खरं, पण तपासणीत काही निघत नाही. १९५० पासून बालिंट यांनी अशा जी.पीं.ना दर आठवड्याला एकत्र बसवायला सुरुवात केली.

बैठकीत केसपेपर आणायचा नाही, हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. डॉक्टर आठवेल तसं सांगतो: “एक बाई आहेत, डोकं दुखतं म्हणून दर सोमवारी येतात. त्यांचं नाव यादीत दिसलं की मला धडकी भरते.” मग इतर विचारतात: त्या घरी कोणाबरोबर राहतात? तुम्ही त्यांना उभ्या उभ्याच का तपासता? वय किती, हे सांगायचं राहूनच गेलं असेल, तर त्या विसरण्यावरही बोलणं होतं. निदान चुकलं का, हा विषय नसतो. आज अनेक गटांत केस सांगून झाल्यावर डॉक्टर खुर्ची जरा मागे घेतो आणि आपल्याच पेशंटबद्दल इतर काय म्हणतात ते गप्प बसून ऐकतो.

या बैठकांतून बालिंट यांच्या हाती आणखी एक निरीक्षण लागलं. पेशंट एका स्पेशालिस्टकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो, मोठमोठे निर्णय होतात, पण ‘हा माझा पेशंट’ असं कोणीच म्हणत नाही. हातात रिपोर्टांची जाड फाइल घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

सुरुवातीला बालिंट डॉक्टरांना एखाद्या पेशंटला तासभर वेळ द्यायला सांगत. रोजच्या ओपीडीत ते जमेना. म्हणून नेहमीच्या काही मिनिटांतच काय साधता येईल, याचा शोध सुरू झाला. त्यावरचं ‘सिक्स मिनिट्स फॉर द पेशंट’ १९७३ मध्ये आलं. बालिंट तोवर, १९७० च्या अखेरीस, गेले होते.

पण काम थांबलं नाही, कारण संस्था उभ्या राहिल्या होत्या. फ्रान्समध्ये १९६७ साली, तर लंडनमध्ये १९६९ साली बालिंट सोसायटी निघाली. लंडनच्या सोसायटीत पुढाकार फिलिप हॉपकिन्स यांचा. ते स्वतः जी.पी. होते आणि बालिंट यांच्या गटात बसलेले होते. गट चालवणारे तयार करणं हे या सोसायट्यांचं मुख्य काम. ब्रिटनमध्ये मनोविकारशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरांना आज अशा गटात बसावंच लागतं.

भारतात २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग आला आहे. तो विद्यार्थ्यांसाठी. वीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्यांसाठी गावोगावच्या डॉक्टर संघटनांना असा गट सुरू करता येईल: आठ-दहा जण, चालवायला शिकलेला एक जण, दीड तास आणि ठरलेला वार.